मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धांत डाव लिहिला गेला पाहिजे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्याआधी नागपूरचेच २०१९ मध्ये रौनक साधवानी आणि २०२१ मध्ये संकल्प गुप्ता ग्रँडमास्टर झाले होते. आता नागपुरात सात-आठ वर्षांची मुलं क्लासला येतात आणि महिन्याभरात स्पर्धेलाही उतरतात. हे चांगलंच आहे. पण या स्थानिक स्पर्धांमध्ये एक मूलभूत गोष्ट राहून जाते आहे. मुलं डाव खेळतात, पण लिहीत नाहीत. आम्ही मुलांना बुद्धिबळ शिकवणारे आणि अशा स्पर्धांत पंच म्हणून बसणारे काही जण आहोत, आणि या एका गोष्टीसाठीच हे पत्र लिहीत आहोत.

डाव न लिहिण्याचं कारण मुलांचा आळस नाही, स्पर्धेचा साचा आहे. बहुतेक स्पर्धा रविवारी, एका दिवसात उरकल्या जातात: सात फेऱ्या, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद, किंवा नुसती सपाट २० मिनिटं. हे रॅपिड, म्हणजे कमी वेळेचं बुद्धिबळ झालं, आणि रॅपिडमध्ये चाली लिहिण्याचं बंधन फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षं स्पर्धा खेळलेल्या मुलाकडेही स्वतःचा एक पूर्ण डाव कागदावर नसतो. संध्याकाळी घरी विचारलं, ‘कसा हरलास?’ तर उत्तर येतं, ‘वजीर गेला.’ कितव्या चालीला गेला, त्याआधी काय चुकलं, तो वाचवता आला असता का, हे कुणालाच सांगता येत नाही. मोबाइलमधलं चाली तपासणारं इंजिन कितीही तगडं असलं तरी त्याला द्यायला चाली तर हव्यात! पालकांना रेटिंगचा हिशेब मात्र तोंडपाठ असतो. रॅपिड रेटिंगमध्ये के-घटक, म्हणजे एका निकालाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, २० असल्यामुळे १५०० चं मूल १४५० च्या मुलाशी हरलं की साधारण ११ गुण जातात, हे ते चटकन सांगतात. ते ११ गुण पटावर कुठे गेले, ते सांगणारा कागद घरात नसतो.

शिकण्याचं हे नुकसान नंतरचं. स्पर्धेच्या सभागृहात, त्याच क्षणी होणारं नुकसान अधिक बोचतं, कारण त्यात मुलाचा हक्काचा अर्धा किंवा पूर्ण गुण जातो.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती तीनदा आलेल्या स्थितीवरून. समजा काळ्याचा राजा जी८वर आहे (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावं असतात), त्याचं एचच्या पट्टीतलं प्यादं गेलेलं आहे. पांढऱ्याचा वजीर ई८वर येऊन शह देतो, राजा एच७ला जातो; वजीर एच५वर शह देतो, राजा परत जी८ला येतो; वजीर पुन्हा ई८वर. इथे पांढऱ्याचं मूल हात पुढे करून म्हणतं, ‘थ्री टाइम्स, ड्रॉ.’ समोरचं मूल मान हलवतं आणि पंचाला बोलावणं येतं. लागोपाठ तीन शह म्हणजे बरोबरी असा कुठलाही नियम नाही. मोजायची असते ती पूर्ण स्थिती: तेच मोहरे त्याच घरांत, चाल त्याच खेळाडूची, कॅसलिंगचे (राजा-हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) आणि आँ पासाँचे (दोन घरं पुढे आलेलं प्यादं प्याद्याने वाटेत मारण्याचे) हक्कही तेच. वरच्या उदाहरणात वजीर ई८वर असलेली स्थिती तिसऱ्यांदा येते ती पाचव्या शहाला. आणि दावा करायचा तोही रीतीने. आपल्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर न करता फक्त कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंचाला सांगायचं. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क संपला. दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. आता ज्या पटावर कागदच नाही, तिथे पंचाने काय तपासायचं? दोन मुलं दोन गोष्टी सांगतात, दोन्ही खरं बोलत असतात असंच त्यांना वाटत असतं, आणि पंच बहुतेक वेळा ‘पुढे खेळा’ एवढंच म्हणू शकतो. ज्याची बाजू पडती असूनही ज्याने नेटाने बरोबरी खेचून आणली, तेच मूल पुढे हरतं.

पन्नास चालींच्या नियमाचं तसंच. दोघांच्याही शेवटच्या पन्नास-पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर बरोबरी मागता येते. एकटा राजा उरल्यावर अमुक इतक्या चालींत मात झाली नाही की डाव सुटला, असे घरगुती आकडे मुलं कुठून कुठून ऐकून येतात. त्यातला एकही खरा नाही. पण पन्नासचा खरा आकडा तरी कागदाशिवाय कोण मोजणार? पंच आठ-दहा पटांवर नजर ठेवून असतो.

तिसरी गोष्ट पालकांना फारशी माहीत नसते. रॅपिडमध्ये चुकीची, म्हणजे बेकायदा चाल झाली आणि समोरच्याने पुढची चाल करून टाकली, तर ती चूक तशीच राहते. राजाला शह असताना मुलाने दुसरंच प्यादं पुढे केलं, समोरच्याच्याही लक्षात आलं नाही, चार चालींनी कळलं. रॅपिडमध्ये उपाय नाही. क्लासिकलमध्ये, म्हणजे जास्त वेळेच्या डावात मात्र डाव चालू असताना केव्हाही लक्षात आलं तर चुकीच्या आधीची स्थिती पुन्हा मांडून तिथून खेळायचं असतं. ती मांडायची कशावरून? स्कोअरशीटवरूनच, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदावरून.

यावर आमचं म्हणणं सरळ आहे. नागपुरातल्या आयोजकांनी मुलांच्या निदान काही स्पर्धा ३० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद या वेळेवर, शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत घ्याव्यात. साठ चालींच्या हिशेबाने हे प्रत्येकी ६० मिनिटं होतं, म्हणजे तो डाव रॅपिड राहत नाही, क्लासिकल होतो. आणि ३० सेकंदांचं इंक्रिमेंट असलं की शेवटच्या चालीपर्यंत लिहिणं सक्तीचं होतं. इंक्रिमेंट त्याहून कमी असेल तर घड्याळात पाच मिनिटांच्या आत आल्यावर लिहिणं सोडायची मुभा असते, आणि डावातला सगळ्यात वादाचा भाग नेमका त्या पाच मिनिटांतच येतो. एक फेरी साठ चालींना दोन तासांची धरा. साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीन अशा दिवसाला तीन फेऱ्या बसतात, दोन दिवसांत सहा. स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीला सारख्या गुणांच्या मुलांच्या जोड्या लावल्या तर, सहा फेऱ्यांत ६४ खेळाडूंपर्यंत एकापेक्षा जास्त मुलं सहापैकी सहा गुणांवर राहू शकत नाहीत. स्थानिक स्पर्धेतल्या एका वयोगटाला ६४ पुरेसे आहेत.

आयोजकांची अडचण खर्चाची आहे आणि ती खरी आहे. दुसऱ्या दिवसाचं सभागृहाचं भाडं, पंचांचं मानधन, वर्धा-भंडाऱ्याहून येणाऱ्यांची मुक्कामाची पंचाईत. पण प्रत्येक वयोगटात दहा-दहा, पंधरा-पंधरा ट्रॉफ्या वाटायची पद्धत पडली आहे, तिथे हात आखडता घेतला तर घड्याळं आणि भाडं यांची बरीच सोय होईल, असं आमचं स्पष्ट मत आहे. सात वर्षांखालच्या गटाला १५ मिनिटं अधिक १० सेकंद ठेवले तरी चालेल. त्या वयात पहिल्या पंधरा चाली लिहिल्या तरी खूप झालं.

सपाट, म्हणजे इंक्रिमेंटशिवायची वेळ मात्र मुलांच्या कुठल्याच स्पर्धेत नको. एका मुलाकडे राजा आणि हत्ती, समोर एकटा राजा, घड्याळात ४० सेकंद. अचूक खेळलं तर हत्तीची मात जास्तीत जास्त १६ चालींत होते. दहा वर्षांच्या मुलाला पंचवीस-तीस लागतात. चालीला दोन सेकंद धरले तरी साठ सेकंद हवेत. झेंडा पडतो, म्हणजे वेळ संपते, आणि एकट्या राजाला मात करणं शक्यच नसल्यामुळे डाव बरोबरीत सुटतो. एंडगेम येत असूनही अर्धा गुण गेला. समोर एक जरी प्यादं उरलं असतं तरी पूर्ण गुण गेला असता. शिवाय या घाईत मोहरे आडवे होतात, ते आपल्याच वेळेत उभे करायचे असतात हे कुणाला आठवत नाही, आणि दोन्ही हात पटावर फिरू लागतात. याच स्थितीत दहा सेकंदांचं इंक्रिमेंट असलं तर तीस चालींना ३०० सेकंद मिळतात आणि मूल शांतपणे मात करतं.

घड्याळं लावण्यातही चुका होतात. सुईच्या जुन्या घड्याळावर इंक्रिमेंट देताच येत नाही. डिजिटल घड्याळात ‘बोनस’ आणि ‘डिले’ असे दोन वेगळे प्रकार असतात. डिलेमध्ये न वापरलेले सेकंद साठत नाहीत. फेरीआधी प्रत्येक घड्याळाचा खटका एकेकदा दाबून आकडा वाढतो का ते बघायचं. ३० अधिक ३० मध्ये पहिल्या चालीचे सेकंद आधीच जमा होऊन पडद्यावर ३०:३० दिसायला हवं. काही घड्याळं ते आपोआप जमा करत नाहीत, तिथे हाताने घालावं लागतं. ६४ मुलांना ३२ घड्याळं लागतात, वर दोन राखीव ठेवा. घड्याळ सगळ्या पटांवर एकाच बाजूला हवं, म्हणजे पंचाला मधल्या वाटेतून दोन्हीकडचे आकडे दिसतात.

आता लिहिण्याबद्दल. क्लासमध्ये हे पहिल्या महिन्यातच शिकवायला हवं, आणि दोन-चार चुका ठरलेल्या असतात त्यांवर बोट ठेवून शिकवायला हवं. काळ्याकडून बसलेल्या मुलाला एचची पट्टी डावीकडे दिसते, त्यामुळे ते डी४ला ई५ लिहून बसतं. उपाय एकच, कडेला अक्षरं-आकडे छापलेला पट वापरायचा आणि घर बोटाने न दाखवता डोळ्याने शोधायचं. छोट्या लिपीतले बी आणि डी एकमेकांत मिसळतात. बी१ आणि एफ३ या दोन्ही घरांतले घोडे डी२वर जाऊ शकत असतील, तर कोणत्या पट्टीतला गेला ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचा डाव मांडताच येत नाही. समोरच्याची एक चाल लिहायची राहिली की सगळे रकाने एका घराने सरकतात. म्हणून दर पाच चालींनी समोरच्याच्या कागदावरचा चालीचा क्रमांक आणि आपला क्रमांक जुळतो का ते नजरेने बघून घ्यावं. त्याच ओघात घड्याळातली वेळ चालीशेजारी टिपावी. नियमात याला परवानगी आहे. आधी लिहून मग चाल करायची सवय काही मुलांना लागलेली असते, ती मोडावी. बरोबरीचा दावा करताना सोडून चाल आधी लिहिणं मना आहे. समोरच्याची चाल लिहिण्याआधी आपलं उत्तर देता येतं, पण आपली मागची चाल लिहिल्याशिवाय पुढची करता येत नाही. बरोबरीचा प्रस्ताव आपली चाल पटावर केल्यावर, घड्याळ दाबण्याआधी द्यायचा आणि कागदावर बरोबरीचं चिन्ह (=) करायचं, दोन्ही खेळाडूंनी. डाव संपल्यावर दोन्ही कागदांवर दोघांच्या सह्या हव्यात. मुलं सही न करता पळतात, आणि मग निकाल उलटा लागल्याची तक्रार पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्यावर येते.

कागदाने न सुटणाऱ्या काही गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी पहिल्या फेरीआधी १५ मिनिटं द्यावीत आणि मुख्य पंचाने भिंतीवरच्या मोठ्या पटासमोर उभं राहून, मराठीत, करून दाखवावं. इंग्रजी नियमावली भिंतीला चिकटवून काही होत नाही. प्याद्याचा वजीर करणं तर दाखवायलाच हवं. मूल प्यादं शेवटच्या घरात ठेवतं, तोंडाने ‘क्वीन’ म्हणतं आणि घड्याळ दाबतं. ही बेकायदा चाल झाली. पंच प्याद्याच्या जागी वजीर ठेवतो, पण समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, आणि अशी दुसरी चूक झाली की डाव जातो. उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरतात, वजीर नाही. जादा वजीर जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचाला मागायचा, हा मुलाचा हक्क आहे. आयोजकांनी प्रत्येक पटाशेजारी दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही. कॅसलिंग करताना आधी राजा, एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावला तर हत्तीचीच चाल करावी लागते, त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला गेलं. दोन्ही हातांनी केलेलं कॅसलिंग घड्याळ दाबताच बेकायदा ठरतं. मोहरा नीट करायचा असेल तर आपल्या चालीच्या वेळी, आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणून. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शंका आली की घड्याळ थांबवून हात वर करायचा. लहान मुलं घाबरतात, विशेषतः मुली आणि बाहेरगावची मुलं. समोरचं मोठं मूल आवाज चढवून ‘टच मूव्ह’ (हात लावलेला मोहराच खेळ) म्हणालं की निमूट ऐकतात. हात वर करण्याचा सराव त्या पंधरा मिनिटांत सगळ्यांकडून एकदा करून घ्यावा.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचारही करावा लागतो, कारण बऱ्याच स्पर्धा सुट्टीत, मे महिन्यात होतात. सभागृहात मोठे कुलर लावलेले असतात. त्यांच्या झोतात कापडी पट उचलतो, कागद उडतो, आणि दमट हवेने मऊ पडलेला कागद पेनाने फाटतो. झोत टेबलांवर नव्हे, भिंतीकडे वळवावा. परीक्षेचं क्लिप पॅड मुलाने घरूनच आणावं. स्कोअरशीट दोन पानी, खालच्या पानावर आपोआप उमटणारी असावी: वरचं पान नियमाप्रमाणे आयोजकांचं, खालचं मूल घरी नेईल.

पालकांना एक विनंती. डाव चालू असताना दारात, खिडकीशी उभं राहू नये. पटावर काही चुकीचं दिसलं तरी ते फक्त पंचाला सांगता येतं, खेळाडूला नाही. घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी इंजिन उघडू नये. आधी मुलाने पटावर स्वतःचा डाव कागदावरून मांडावा आणि तीन खुणा कराव्यात: पाठ केलेलं ओपनिंग कुठे संपलं, सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला, आणि समोरच्याची कोणती चाल अनपेक्षित आली. शेजारी वेळा टिपलेल्या असल्या तर दुसरी खूण लगेच सापडते; पहिल्या पंधरा चाली दोन मिनिटांत आणि मग एका चालीवर नऊ मिनिटं, असं चित्र बऱ्याच मुलांचं निघतं. जमलं तर सभागृहाबाहेरच, समोरच्या मुलाला सोबत घेऊन हे करावं. त्याने काय पाहिलं होतं ते इंजिन सांगत नाही. इंजिन दुसऱ्या दिवशी.

संपादक महोदय, शेवटची मागणी आपल्याकडे. स्थानिक स्पर्धांच्या बातमीत विजेत्यांची नावं, गुण आणि पाहुण्यांचा फोटो असतो. त्यासोबत शेवटच्या फेरीतल्या पहिल्या पटाचा डाव छापावा. चाळीस चालींचा डाव दहा-पंधरा ओळींत बसतो. राजाला रा, वजिराला व, हत्तीला ह, उंटाला उं, घोड्याला घो, एवढी खूण वर दिली की वाचक सरावतात. उदाहरणादाखल, मुलांच्या पहिल्याच स्पर्धेत हमखास दिसणारा डाव असा छापता येईल: १. ई४ ई५ २. उं-सी४ घो-सी६ ३. व-एच५ घो-एफ६ ४. व×एफ७ मात. खाली एक ओळ: एफ७ला फक्त राजाचा आधार होता आणि वजिराच्या मागे सी४चा उंट, काळ्याने तिसऱ्या चालीला जी६ आणि ४. व-एफ३ नंतर घो-एफ६ खेळलं असतं तर काही बिघडलं नसतं. एवढं वाचून वाचक घरचा पट काढतील.

आयोजकांकडे डाव मागताना दोन्ही खेळाडूंचे कागद मागावेत. एकात चाल सुटली असेल तर दुसऱ्यावरून जुळवता येते. छापण्याआधी तो पटावर एकदा खेळून बघावा लागतो; ते काम आम्ही आनंदाने करून देऊ.

आपले,
बुद्धिबळ शिकवणारे आणि पंच म्हणून काम करणारे काही वाचक,
नागपूर